तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी मोडून का नाही विकली?

इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, मराठी मंडळात, पुण्याला गेलो की सासरच्या माणसांत आणि कामावर चहाच्या सुट्टीतसुद्धा, गेली दोन वर्षे मला एकच प्रश्न शब्द बदलून विचारला जातो. "अहो, ती मझ्दा तुम्ही अख्खी कशाला विकलीत? तिचे भाग सुटे करून विकले असतेत, तर जास्त पैसे नसते का आले?" विचारणारा बहुधा गाड्यांमधला जाणकार असतो आणि त्याचा हिशेब चुकीचाही नसतो. दर वेळी "जाऊ द्या हो" म्हणून विषय बदलण्यापेक्षा एकदा सविस्तर उत्तर लिहून ठेवावे, असे मी शेवटी ठरवले.

आधी गाडीविषयी. मझ्दाने १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ ही दोन आसनांची, टप उघडता येणारी लहानशी गाडी प्रथम लोकांसमोर आणली. जपानमध्ये तीच युनोस रोडस्टर या नावाने विकली जाई. ब्रिटिश कारखाने साठच्या दशकात ज्या हलक्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या उघड्या गाड्या करत असत, त्यांच्याच वळणाची ही गाडी होती. फरक एवढाच, की ही पावसाळी सकाळीसुद्धा पहिल्या फटक्यात सुरू होई. माझी गाडी १९९५ सालची, १.८ लिटर इंजिनाची आणि जपानमधून इंग्लंडला आलेली होती. वजन जेमतेम एक टन आणि ताकद १३० अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आजच्या एखाद्या घरगुती हॅचबॅकइतकीच. पण तिला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर-खाली दोन भुजांवर धरणारी रचना) होते, गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागापर्यंत) अ‍ॅल्युमिनियमची एक सलग तुळई होती, आणि पुढे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे दिवे होते. ती मी २०१४ मध्ये १,९०० पौंडांना घेतली आणि नऊ वर्षे फक्त ट्रॅक डेसाठी तयार करत राहिलो.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत, असा आपल्याकडे समज आहे. तसे नाही. ठरावीक पैसे भरून आपली गाडी खऱ्या सर्किटवर चालवायची, इतकेच त्यात असते. वेळ मोजायला बंदी असते, पुढचा चालक संमती देईल तेव्हाच आणि ठरलेल्या बाजूनेच पुढे जाता येते, आणि सकाळी ट्रॅकवर उतरण्याआधी सायलेन्सरपासून अर्ध्या मीटरवर यंत्र धरून आवाज तपासतात. मला जवळचे सर्किट म्हणजे ईस्ट मिडलँड्स विमानतळाला खेटून असलेले डॉनिंग्टन पार्क. तिथली क्रेनर कर्व्ह्‌ज नावाची उताराची वळणे उतरताना डोक्यावरून विमान जात असते आणि आपले मात्र तिकडे लक्ष नसते, हे सुख ज्याने अनुभवले आहे त्याला पुढचा खर्च समजावून सांगावा लागत नाही.

आता तो हिशेब, जो तुम्ही मनात आधीच मांडलेला आहे. खरेदी धरून गाडीवर एकूण साधारण ८,३०० पौंड गेले आणि ती विकली गेली ३,७५० ला. सुटी करून विकली असती, तर हार्डटॉपचे (कापडी टपाऐवजी बसणाऱ्या कडक छपराचे) ८००, डिफरन्शिअलचे ५००, कॉइलओव्हरचे (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-डँपरच्या संचाचे) ४५०, चाके-टायरचे ४००, बकेट सीटच्या जोडीचे ३००, रोल बारचे (गाडी उलटली तर डोके वाचवणाऱ्या कमानीचे) आणि ब्रेकचे प्रत्येकी २५०, इंजिन-गिअरबॉक्सचे ६००, दारे, दिवे, रेडिएटर अशा किरकोळ गोष्टींचे सुमारे ६५०, आणि उरलेला सांगाडा अधिकृत भंगार केंद्राला दिल्यावर त्याचे दीडशे, असे सगळे मिळून ४,३५० पौंड हातात आले असते. म्हणजे मी ६०० पौंड सोडले. हा आकडा मी विकण्याच्या आधीच एका कागदावर मांडला होता, त्यामुळे माझी फसगत झाली असे मुळीच नाही.

त्या सहाशेंतले निम्मे तर मोडण्याच्या खटाटोपातच जिरले असते. दोन महिन्यांचे शनिवार-रविवार, चाळीस पार्सले, दर पार्सलामागे "हे डाव्या बाजूचे आहे ना?" अशी विचारणा, आणि दारात चाके नसलेला सांगाडा पाहून शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर उमटणारी सभ्य नाराजी. पण हे कारण दुय्यम आहे. वेळ मोकळा असता, तरीही मी ती मोडली नसती.

घरातला जुना दागिना मोडायला नेला की सराफ सोन्याचे पैसे देतो, घडणावळीचे देत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. ट्रॅकसाठी घडवलेल्या गाडीत सोने थोडे असते आणि घडणावळच फार असते. एक उदाहरण देतो. माझ्या गाडीतले इंजिन मुळात मझ्दाच्या पुढची चाके चालवणाऱ्या गाड्यांमध्ये आडवे बसवण्यासाठी आखलेल्या कुळातले. एमएक्स-५ मध्ये ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवताना गरम पाणी बाहेर पडण्याची वाट पुढच्याच टोकाला ठेवली गेली, आणि त्यामुळे अगदी मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवती पाणी हवे तसे खेळत नाही. रस्त्यावर हे कधी जाणवत नाही. पण ट्रॅकवर वीस-वीस मिनिटे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वर ठेवले की जाणवते. म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) मागच्या टोकाला नेऊन पाण्याची वाट बदलतात. मीही ती बदलली, आणि मग त्या वाटेत ऑइल कूलर आडवा आला, म्हणून रबरी नळ्या इंचाइंचाने कापून, कधी जास्त कापून आणि पुन्हा आणून, तीन रविवारांत ते सगळे जुळवले. हा ऐवज सुटा विकला असता तर ऐंशी पौंड आले असते आणि घेणाऱ्याच्या गाडीला त्यातली एकही नळी बसली नसती.

सस्पेन्शनचेही तेच. विशबोनच्या मुळाशी कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलण्यासाठी जे उत्केंद्री बोल्ट असतात, ते इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेल्या मिठाने बुशच्या (सांध्यातल्या नळीच्या) आत असे धरून बसतात, की पाना वाकतो पण बोल्ट हलत नाही. माझ्या आठपैकी पाच बोल्ट करवतीने कापावे लागले. नवे बसवल्यावर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून, मी स्वतः सीटवर बसून, गाडीचा भार तिरकस कोपऱ्यांवर सारखा वाटून घेतला. त्यानंतर गाडी डॉनिंग्टनच्या मेलबर्न हेअरपिन या अगदी बंद वळणाला ब्रेक मारताना पहिल्यांदा सरळ राहिली. कॉइलओव्हर काढून खोक्यात भरले की तो सगळा खटाटोप गेला. खोक्यात उरतात त्या चार स्प्रिंगा आणि चार डँपर.

शिवाय परतीचा रस्ता मी स्वतःच बंद केला होता. शहाणी माणसे काढलेले मूळ भाग माळ्यावर जपून ठेवतात, विकण्याआधी गाडी पुन्हा कंपनीच्या स्थितीत आणतात आणि सुधारित भाग वेगळे विकतात. मी मूळ सीट २०१६ मध्येच एका गृहस्थाला देऊन टाकल्या, गालिचे फेकले, एसी काढला आणि रोल बारसाठी पत्र्याला भोके पाडली. त्या भोकांना बूच लावून गाडी सजवून विकणे मला जमले असते, असे वाटत नाही.

विकायचे कारण साधे होते. आम्ही घर बदलले आणि नव्या घराला गॅरेज नव्हते. या गाडीला कापडी टप आहे. त्यावरचे पाणी दारामागच्या खांबातून नळीवाटे खाली जाते, आणि त्या नळीत झाडाची पाने अडकली की ते दाराखालच्या पोकळ सिलमध्ये साठून पत्रा आतून खाते. पहिल्या वर्षीच मला हे कळले होते, कारण मी घेण्याआधी एका गॅरेजने त्या गंजावर डांबरासारखा लेप फासून वरून रंग मारला होता. लेप खरवडला तेव्हा माझे बोट आरपार गेले. तेवढा भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करून घेतला, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले, आणि दर पावसाळी महिन्यात (इथे ते बारा असतात) त्या नळीत जाड प्लॅस्टिकची तार घालत राहिलो. ही गाडी उघड्यावर ठेवली असती, तर दोन हिवाळ्यांत मोडायचा प्रश्नच उरला नसता.

जाहिरातीत मी दोष आधी लिहिले. यात मोठेपणा काही नाही. इथे गाडीचा नंबर टाकला की तिच्या दर वर्षीच्या एमओटी या सक्तीच्या तपासणीचा निकाल कोणालाही पाहता येतो, आणि माझ्या गाडीच्या नावावर गंजाचे शेरे होतेच. खाजगी विक्रेत्याला व्यापाऱ्याइतकी जबाबदारी नसली, तरी त्याने केलेले वर्णन खोटे निघाले तर तो अडकतो, आणि रस्त्यावर चालवण्यास धोकादायक अशी गाडी विकणे हा तर सरळ गुन्हा आहे. म्हणून मी झिजलेले ट्रॅकचे टायर काढून साधे टायर चढवले आणि एकेचाळीस बदलांची तारीखवार यादी जोडली. घेणाऱ्याला त्यातला प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. एखादा लपवला, तर दाव्याच्या वेळी विमा हात वर करू शकतो.

आलेल्या निरोपांतले निम्मे "फक्त हार्डटॉप द्याल का?" असे होते. एकाने आज संध्याकाळीच ट्रेलर आणतो म्हणून रोख २,००० देऊ केले. माझ्याच कागदावरचा हिशेब त्यानेही केला होता हे उघड होते, फक्त वरचा नफा त्याला स्वतःला हवा होता. एक गृहस्थ पत्नीला उन्हाळ्यात फिरायला भेट म्हणून गाडी पाहायला आले. त्यांना मी मोटरवेवर पाच मैल नेऊन आणले, सायलेन्सरची घरघर आणि पाठीच्या मणक्यात शिरणारा रस्त्याचा प्रत्येक सांधा अनुभवू दिला, आणि दुसरी गाडी पाहा असे सांगितले. सौ. घरी हसल्या. विकायची आहे ना नक्की, म्हणाल्या.

चौथ्या आठवड्यात एक तरुण मुलगी आली. विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार, सोबत वडील. वडील चहा घेत उभे राहिले आणि ती थेट जमिनीवर आडवी झाली. एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात उलटा धरलेला स्क्रूड्रायव्हर घेऊन, तिने त्याच्या मुठीने सिल पुढून मागपर्यंत वाजवत नेला. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाजवळ ठक. ती थांबली, परत एक इंच मागे येऊन तिने पुन्हा वाजवले. "इथे पत्रा दुहेरी आहे." मी वेल्डिंगचे फोटो पुढे केले. तिने ते पाहिले, मग माझी वही मागून घेतली. मी त्या वहीत प्रत्येक दिवसाची नोंद ठेवत असे: सकाळी थंड टायरमध्ये हवेचा दाब २३, चार फेऱ्यांनंतर २८, डावा पुढचा बाहेरून जास्त घासला, कॅम्बर आणखी पाव अंश. वीसेक मिनिटे ती बोनेटवर वही ठेवून वाचत होती. मग तिने विचारले, "भार वाटताना सीटवर तुम्ही बसला होतात?" मी हो म्हटले. "मी तुमच्यापेक्षा वीस किलोंनी हलकी आहे. म्हणजे हे पुन्हा करावे लागेल."

इतक्या लोकांत घडणावळ पाहिली ती तिने एकटीने, आणि तिची किंमत लगेच पाडूनही मागितली. मी ४,१०० सांगितले होते, ती ३,६०० म्हणाली, आणि वडिलांचा दुसरा चहा संपेपर्यंत आम्ही ३,७५० वर आलो. नोंदणीपुस्तकातली नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी फाडून मी तिच्या हातात दिली, डीव्हीएलएला (वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याला) तिथल्या तिथे ऑनलाइन कळवले, आणि २०१४ पासून रस्त्याचा कर गाडीसोबत पुढे जात नाही याची आठवण करून दिली, कारण तो न भरता घरी निघालेले लोक मी पाहिलेले आहेत. वहीही दिली. यादीत तिची किंमत लावलेली नव्हती.

दोन महिन्यांनी तिचा निरोप आला, की डावा दिवा अर्धवट वर येऊन थांबतो आणि एका बाजूने डोळा मारल्यासारखी गाडी दिसते. मी कळवले, की त्या दिव्याच्या मोटरवर रबरी टोपी आहे. ती काढली की खाली एक गोल मूठ लागते, ती हाताने फिरवून दिवा वर आणता येतो. आणि हे वहीच्या अकराव्या पानावर आहे.