ऊन खालून येतं

फेब्रुवारीत सात कुटुंबं घेऊन मी गुलमर्गला होतो. टूर मॅनेजर म्हणून काश्मीरचा हा माझा अकरावा हिवाळा. तंगमर्गला चाकांना साखळ्या बांधून वर आलो तेव्हापासून आभाळ भरलेलं. वाऱ्यामुळे अफरवट शिखराकडे जाणाऱ्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा बंद होता, म्हणून अख्खा दिवस खालच्या सोप्या उतारावर स्कीइंग.

नाशिकच्या एका कुटुंबातली दहा वर्षांची मुलगी काही केल्या थांबेना. आईबाबा दमून कहावा घ्यायला बसले, ही पडत होती, उठत होती. शिकवणारा सांगायचा, "आगे से जोड़ो, पीछे से खोलो." पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग मोडतो. दुपारपर्यंत तिला ते जमलं. श्वासाने गॉगल धुरकटायला लागला तसा तिने तो टोपीवर सरकवला. शिकवणारा मला म्हणाला, "चश्मा पहनाइए साहब, धूप बर्फ से ऊपर आती है." मी मान हलवली. आज ऊन कुठाय, असं मनात म्हणत कुणाचे तरी बूट बदलून द्यायला गेलो.

रात्री साडेदहाला दार वाजलं. बाबा उभे होते. "सर, जरा येता का? हिच्या डोळ्यांत काहीतरी गेलंय."

मुलगी दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून बसली होती. "वाळू टोचतेय," एवढंच म्हणत होती. पापण्या सुजलेल्या, पाण्याच्या धारा, दिव्याकडे बघवेना. मी तिचा चेहरा जरा वर केला आणि हनुवटीची खालची बाजू दिसली. लालबुंद. तिथे वरचं ऊन पोचतच नाही. माझ्या पोटात गोळाच आला.

ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हिमांधत्व. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, दर हजार मीटर उंचीला त्यांचा जोर १० टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि पातळ ढगांतून ते बरेचसे खाली येतातच. बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्वचेसारखाच भाजतो, पण दुखायला काही तास जातात. म्हणून दिवसभर कुणाला पत्ता लागत नाही. डोळे चोळू द्यायचे नाहीत, खोलीत अंधार ठेवायचा, थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायचं. बधिर करणारे थेंब घरी अजिबात घालायचे नाहीत.

दोन वाजेपर्यंत आई आणि मी आळीपाळीने घड्या बदलत होतो. आईने विचारलं, "तुम्हाला हे माहीत नव्हतं का हो?"

"माहीत होतं," मी म्हटलं. "उन्हाच्या दिवशी सांगतो मी सगळ्यांना. आज सांगितलं नाही. शिकवणाऱ्याने आठवण केली तरीही नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. घडी पिळून माझ्या हातात दिली.

सकाळी रस्ता मोकळा होताच श्रीनगरला गेलो. डॉक्टरांनी पिवळा थेंब टाकून निळ्या उजेडात बघितलं: पडद्यावर हिरवे ठिपकेच ठिपके. दोन दिवसांत भरून येईल, म्हणाले. आलंही तसंच.

विमानतळाकडे निघताना तिने बाबांचा काळा चष्मा लावला होता. तो नाकावरून सारखा घसरत होता, आणि दर वेळी आई तो बोटाने वर सरकवत होती.