रविवारचं मटण आणि प्रचाराची रिक्षा

२०२४ च्या विधानसभेचा प्रचार चालू होता, त्यातला रविवार म्हणून काका-काकू सगळे जेवायला आलेले, तांबडा पांढरा झालेला, आणि ताटं वाढली तोवर गल्लीत प्रचाराची रिक्षा आली, मग काय, काकांनी विषय काढला आणि बाबा पेटलेच. लई दिवसांनी घर भरलं होतं ओ. शिवसेना २०२२ ला फुटली, राष्ट्रवादी २०२३ ला, आमचं घर तेवढं शिल्लक होतं ते पण त्या दिवशी जवळजवळ फुटलंच. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी हे दोघं भांडत होते त्यातले निम्मे मागच्या वेळी दुसऱ्याच पक्षात होते, कोण कुणाचा हेच कळंना झालंय.

मी म्हटलं सकाळपासून नळाला पाणी नाही त्याचं कुणाला विचारायचं ते सांगा आधी, महापालिकेत २०२० पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक बसलेला. तिथल्या निवडणुकीचं तेव्हा नावच नव्हतं आणि विधानसभेला मात्र गल्लीबोळात पदयात्रा, हात जोडून. (जोडतात बरं का अगदी मनापासून, बुधवारच्या मतदानापर्यंत.)

दोघंही गप्प बसले. दोन मिनिटं. मग परत लाडकी बहीण, पंधराशे का एकवीसशे. आईला पंधराशे मिळतात, तिला कुणी विचारलंच नाही, ती आतनं ओरडली रस्सा गार झालाय, आता परत गरम करणार नाही, तसाच वरपा.