मोजून दिलेली दहा मिनिटं

आज संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजारी आजोबांना भेटायला गेले. दहा मिनिटं बसायचं, प्रार्थना करायची आणि निघायचं, असं घरूनच ठरवलेलं. 'आमेन' म्हणून उठू लागले, तर आजोबांनी माझं बोट धरून ठेवलं होतं. पकड अगदी हलकी, सहज सुटली असती.

सकाळीच बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय वाचला होता. बेथानी गावात एका बाईनं जटामांसीच्या तेलाची कुपी फोडून येशूच्या मस्तकावर ओतली. किंमत ३०० दिनारांहून जास्त, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षाची कमाई! मला मात्र 'फोडून' हा शब्द जास्त लागतो. फोडलेल्या कुपीत थोडं मागे ठेवता येत नाही. प्रभूनं वधस्तंभावर माझ्यासाठी काहीच राखून ठेवलं नाही, आणि मी घड्याळ बघत होते.

पुन्हा बसले. त्यांनी बाप्तिस्म्याच्या दिवसाची आठवण सांगितली, तीच दोनदा. मग हळू आवाजात गीत धरलं. ते शब्द विसरायचे, मी पुढची ओळ द्यायची. निघाले तेव्हा रात्र झाली होती. बोटावर त्यांच्या हाताची ऊब अजून आहे.