तुम्ही विचारलंत म्हणून: हेलिकॉप्टरचं किट का जोडायचं?

रविवारी मैदानावर माझं रिमोटवर चालणारं छोटं हेलिकॉप्टर उतरवलं की कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "खोक्यातून काढून थेट उडवता येणारी मिळतात, मग तुम्ही सुट्ट्या भागांचं किट कशाला घेतलंत? आणि मी तर अगदी नवखा, मला जमेल का?"

जमेल. घाई नसेल तर नक्की जमेल. आणि मी किट घ्या म्हणतो ते हेलिकॉप्टर पडतं म्हणून. शिकताना ते पडणारच. ज्यानं स्वतः जोडलंय त्याला पडल्यावर कुठे बघायचं ते ठाऊक असतं.

माझं पहिलं किट तैवानच्या अलाइन कंपनीचं, टी-रेक्स 450. मुख्य पाती 325 मिलिमीटरची. चांगलं किट म्हणजे काय, हे मला त्यातल्या शाफ्टनं शिकवलं. तो बेअरिंगमधून बोटाच्या दाबानं सरकतो, ठोकावा लागत नाही. त्यामुळे कुठे जोर लावावासा वाटला की समजायचं, आपलं काहीतरी चुकतंय. हलक्या नकलेत चूक आपली की भागाची, हेच कळत नाही, आणि नवशिक्याचा धीर नेमका तिथे सुटतो.

सगळ्यात जास्त वेळ रोटर हेडला, म्हणजे मुख्य पाती जिथे बसतात त्या भागाला द्या. तीसेक ग्रॅमचं पातं मिनिटाला 2,500 फेऱ्या घेतं तेव्हा ते सुमारे 40 किलोंच्या ताणानं बाहेर ओढलं जातं. हा ताण एक इवलंसं थ्रस्ट बेअरिंग पेलतं. त्याच्या दोन चकत्या दिसायला सारख्याच, पण एकीचं भोक किंचित मोठं असतं. मोठ्या भोकाची चकती आत, हेडच्या मध्याकडे. लहान भोकाची बाहेर. मधल्या गोळ्यांना ग्रीस. ही अदलाबदल झाली तर ताणाखाली पात्याचा कोन मोकळेपणानं बदलत नाही.

दुसरी गोष्ट थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक, अगदी टिपकाभर, आणि त्याआधी आट्यांवरचं तेल स्पिरिटनं पुसून. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र लावायचं नाही, काही प्लास्टिक त्यानं तडकतं. जोडून आलेले भागसुद्धा एकदा उघडून बघा. शेपटीच्या एका स्क्रूला लावायचं माझ्याकडून राहिलं होतं. चौथ्या उड्डाणात तो निसटला, हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत गवतात आलं. तेव्हापासून थ्रेडलॉक लावला की मॅन्युअलमधल्या त्या स्क्रूच्या चित्रावर मी पेन्सिलनं टिंब देतो. टिंब नाही तर उड्डाण नाही.

बाकीचं मॅन्युअल सांगतं. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि मोठ्या गिअरमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून अंतर ठेवायचं. रिमोटची स्टिक मध्यावर असताना स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारी तबकडी, सपाट आणि पात्यांचा कोन शून्य. हे जुळवताना मोटरच्या तिन्ही तारा काढून ठेवा, कृपा करून. फिरतं पातं बोट तोडतं, आणि ही गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगतो.

आणि संध्याकाळी किट जोडत असाल तेवढे दिवस संगणकावरच्या उड्डाणाच्या सिम्युलेटरवर हात बसवा.

माझं हेलिकॉप्टर गवतात पडलं त्या रात्री मी जेवणानंतर टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. फेदरिंग शाफ्ट, म्हणजे मुख्य पाती ज्यावर बसतात तो हेडमधला दांडा, वाकला होता, मोठ्या गिअरचे दोन दात गेले होते, शेपटीचं एक पातं मोडलं होतं. मॅन्युअल उघडायची गरज पडली नाही. साडेअकराला शेवटचा स्क्रू घट्ट केला, आणि त्या पानावरचं राहिलेलं टिंब दिलं.