एफआरपी पुलाचा डेक: डिझाइन जमलं, चाचणीने रडवलं

जुन्या लोखंडी गर्डरच्या पुलावरचा काँक्रीट स्लॅब काढून तिथे काचतंतूंच्या एफआरपीचा (तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचा) डेक, म्हणजे वाहनं चालतात तो थर, बसवायचा आणि तो कमीत कमी वजनात कसा बसेल ते शोधायचं, हा माझा एम.टेक.चा प्रकल्प. 200 मिमीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे 500 किलो भरतो. पोकळ एफआरपी डेक साधारण त्याच्या पाचव्या हिश्श्यात होतो, आणि वाचलेलं वजन गर्डरला वाहनांसाठी मोकळं मिळतं. मॉडेल, आयआरसी 6 या भारतीय पूल-संहितेतले भार, जेनेटिक अल्गोरिदम (उत्क्रांतीच्या धर्तीवर चांगलं डिझाइन शोधणारी पद्धत) हे सगळं वेळेत झालं. अडलं ते नमुन्यांच्या चाचणीत, आणि तो राग अजून गेलेला नाही.

पोलादाला एक मॉड्युलस (ताठरपणाचा आकडा) दिला की भागतं. एफआरपीला तंतूंच्या दिशेचा वेगळा, आडवा वेगळा, शिअरचा, म्हणजे तिरकं सरकवणाऱ्या जोराचा, आणखी वेगळा. उत्पादकाच्या डेटाशीटवर फक्त पहिला होता. संहितेतल्या क्लास ए या प्रमाणित गाडीच्या जड एक्सलचं 5.7 टनांचं चाक दोन वेबच्या (आतल्या भिंतींच्या) मधल्या फ्लँजवर (वरच्या सपाट पत्र्यावर) येतं तेव्हा फ्लँज आडव्या दिशेनेच वाकतो. तो आकडा अंदाजाने घातला तर ऑप्टिमायझेशन कसलं करायचं?

लॅबच्या चाचणीच्या फॉर्मवर पोलाद, काँक्रीट, वीट, लाकूड एवढेच पर्याय, आणि आयएस (भारतीय मानक) क्रमांक सक्तीचा. मी आयएसओ 527-4 (अशा प्लास्टिकच्या ताण-चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलं, तर अर्ज परत. ‘मॅडम, आयएस नंबर टाका, नाहीतर सिस्टीम पुढे जात नाही.’ गाइड सरांचं पत्र नेलं, तर सही करणारे साहेब रजेवर. सही झाली, तर मशीन सळ्यांच्या कामात अडकलेलं.

शेवटी नंबर लागला. सळईसाठीच्या दातेरी जबड्यांनी माझ्या नमुन्याच्या पट्टीची टोकंच चिरडली, ती जबड्यातच तुटली, आणि तोच आकडा तन्यशक्ती म्हणून शिक्क्यासकट रिपोर्टवर आला! पकडीत तुटलेला नमुना ग्राह्य धरत नाहीत, हे मी मानक समोर ठेवून सांगितलं तेव्हा कुठे फेरचाचणी मिळाली. या वेळी दोन्ही टोकांना ग्लास-इपॉक्सीचे टॅब (पकडीसाठीचे तुकडे) चिकटवून नेले. पट्टी बरोबर मध्ये काडकन फुटली, पांढरे तंतू पिंजून बाहेर आले. इतकं हायसं वाटलं! तेव्हा टॅब तुम्हीच लावून न्या, लॅबवर सोडू नका. शिअरसाठी व्ही-खाच फिक्श्चर (व्ही आकाराच्या खाचा पाडलेला नमुना धरणारा साचा) आहे का, हेही आधी फोनवर विचारा. तिथे नव्हतं, मला दुसरी लॅब गाठावी लागली.

खरे आकडे घातल्यावर उत्तर बदललं. वरचा फ्लँज जाड झाला, त्यात मुख्य दिशेशी 90 आणि ±45 अंशांत तंतू असलेले थर वाढले, वेब तिरपे झाले. चौकोनी पोकळ्या आडव्या शिअरने तिरक्या होतात, त्रिकोणी तग धरतात. ऑक्सफर्डशायरच्या वेस्ट मिल पुलावर 2002 साली बसवलेल्या डेकमध्येही त्रिकोणीच पोकळ्या आहेत. हे मोजलेल्या आकड्यांवरून निघालं, याचा मला अभिमान आहे. आणि ताकदीची मर्यादा कुठेच आड आली नाही, आड आली ती झोळ पडण्याची. मी झोळाची मर्यादा स्पॅन/800 (आधारांमधल्या अंतराचा आठशेवा भाग) धरली होती. तुम्ही करत असाल तर ही अट पहिल्या दिवसापासून घाला.

एक राहिलंच: आडवे नमुने कापण्याइतकी प्रोफाइलची (डेकच्या तयार पोकळ तुकड्याची) रुंदी बऱ्याचदा नसते. ऑर्डर देतानाच त्याच बॅचची, त्याच थरांची सपाट प्लेट मागून घ्या.