वाकलेली रेघ

बहुतेक अमिनो आम्लं साध्या कार्बनच्या इलेक्ट्रोडवर गप्पच बसतात, व्होल्टेज दिलं तरी. टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, सिस्टीन अशी मोजकीच सहज करंट देतात. माझं काम टायरोसिनवर. कॅलिब्रेशनची रेघ, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन वाढेल तसा करंट किती वाढतो ते दाखवणारी, 60 मायक्रोमोलर कॉन्सन्ट्रेशनपर्यंत सरळ जायची आणि पुढे वाकायची. इलेक्ट्रोडवर दिलेला नॅनोट्यूबचा, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्यांचा, थर भरत आला, इलेक्ट्रोडची मर्यादा हीच, असं मी धरून चालले होते. तीन आठवड्यांचे आलेख त्याच समजुतीवर साठले होते.

त्या दिवशी मॅडमनी आलेख पाहिला आणि म्हणाल्या, "उलट्या क्रमाने घे. जास्त कॉन्सन्ट्रेशनचं आधी."

पटलं नव्हतं, तरी इलेक्ट्रोड नव्याने तयार केला. ग्लासी कार्बनची 3 मिलिमीटरची काळी चकती. मखमली कापडावर 0.05 मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाचं दुधासारखं पाणी, त्यावर इंग्रजी आठ काढत घासायचं, चकतीत ट्यूबलाइट दिसेपर्यंत. मग नॅनोट्यूबचा 5 मायक्रोलिटरचा थेंब. वाळताना तो कडेला सरकला की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून दिव्याखाली ठेवला की मी श्वासही जपून घेते.

100 मायक्रोमोलरचा पीक, म्हणजे आलेखातलं करंटचं शिखर, आला तो आजवरच्या कुठल्याही पीकपेक्षा उंच. मग 80, 60, 40. वीसला पोचले तेव्हा पीक शोधावा लागला. आदल्या दिवशीच्या निम्माही करंट नव्हता. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, तोच, पीएच 7.

लगेच फेरीसायनाइड लावून पाहिलं; इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग तपासायला वापरतात ते रसायन. ताज्या पृष्ठभागावर त्याचे दोन पीक जवळजवळ, टोकदार येतात. इथे ते लांब गेले होते, पसरट झाले होते. इलेक्ट्रोड झाकला गेला होता. टायरोसिनचं ऑक्सिडेशन झालं की फिनॉक्सी रॅडिकल नावाचे अस्थिर, चटकन जोडले जाणारे कण बनतात, ते एकमेकांना जोडले जातात आणि वीज न वाहणारा पातळ थर पृष्ठभागावर बसतो. हे मी वाचलेलं होतं! नॅनोट्यूब लावल्या की हा त्रास संपतो असा माझा समज होता. तो कमी होतो, एवढंच. चढत्या क्रमाने घेताना प्रत्येक रीडिंग पुढच्यावर आपला थर चढवून जात होतं, आणि रेघ वाकत होती.

सगळ्यात लागलं ते हे, की त्या वाकाला कारण चिकटवून मी मोकळी झाले होते.

आता दर रीडिंगला नवा पृष्ठभाग: घासा, थेंब टाका, वाळवा. दिवसाला जेमतेम सहा बिंदू होतात. जुना फोल्डर मॅडमनी पुसू दिला नाही. त्यावर लिहायला लावलं: "चढता क्रम, एकच इलेक्ट्रोड."