क्लबचा इतिहास मैदानाच्या माळ्यापासून लिहायला हवा

आमच्या मैदानावरच्या छोट्याशा क्लबची स्मरणिका निघतेय आणि इतिहासाचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून गेले काही आठवडे मुंबईच्या क्लब क्रिकेटबद्दल मिळेल ते वाचतोय, जुन्या लोकांना गाठून विचारतोय. बहुतेक सगळे सुरुवातच करतात ती कोणत्या क्लबातून कोण इंडियाला खेळलं इथून. अभिमान वाटणारच, मलाही वाटतो. पण क्लब कसा आहे ते कळतं विकेट, म्हणजे खेळपट्टी, कोण बनवतो आणि टी टाइमला चहा कोणाला कशात मिळतो यावरून, असं माझं मत वाचता वाचता अजूनच पक्कं झालं.

सुरुवात पारशांपासून. 1848 साली त्यांनी मुंबईत ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, भारतीयांचा पहिला क्रिकेट क्लब तोच. तेव्हा खेळायची जागा म्हणजे किल्ल्याबाहेरचं मोकळं मैदान, आणि पुढे तिथेच गोरे साहेब पोलो खेळायला लागले, घोड्यांच्या टापांनी विकेटची पार वाट लागायची. खेळणाऱ्या पोरांनी सरकारकडे अर्ज केले, पुन्हा केले, वर्षानुवर्षं हा झगडा चालला. म्हणजे आपल्याकडचं क्लब क्रिकेट उभं राहिलं तेच मुळी आम्हाला धड विकेटपुरती बावीस यार्ड जमीन द्या या मागणीतून, आणि ही मागणी आजही संपलेली नाही बरं का.

पुढे जागा मिळाल्या पण धर्मावर. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, 1894 चा हिंदू जिमखाना, सगळे मरीन लाइन्सला ओळीने. स्पर्धापण तशाच, 1907 ला तिरंगी, 1912 ला चौरंगी, 1937 ला पंचरंगी, गर्दी तुफान व्हायची पण संघ धर्मावरून. 1946 मध्ये हे सगळं बंद झालं ते बरंच झालं असं मला वाटतं, क्रिकेट कितीही भारी होत असलं तरी.

आणि याच काळात पालवणकर बाळू. जन्म 1876, धारवाडचा, चांभार समाजातला. पुण्यात पारशांच्या क्लबात मैदानाची कामं करायचा, महिन्याला 3 रुपये, मग गोऱ्यांच्या क्लबात 4 रुपयांवर. रोलर फिरवायचा, नेट लावायचा, आणि साहेब सरावाला आले की त्यांना बोलिंग टाकायचा. कॅप्टन ग्रेग नावाचा तिथला मोठा बॅट्समन, त्याला नेटमध्ये टाकून टाकून हा डावखुरा स्पिनर घडला. पुण्याच्या हिंदू संघाने मग त्याला घेतलं खरं, कारण जिंकायचं होतं, पण चहाच्या वेळी बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा घेणार आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात, पिऊन झालं की फेकून द्यायचं. त्याच माणसाच्या बोटांतून सुटलेला बॉल मात्र सगळ्यांना चालत होता! पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्यात काही सभासदांचा विरोध असूनही तो खेळला आणि तिथल्या कॅफेत बाकीच्यांबरोबर जेवलासुद्धा. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 रन्सनी हरवलं त्या संघात तो होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 विकेट्स काढल्या. पण हिंदू संघाचा कॅप्टन त्याला कधीच केलं नाही. तो मान 1923 साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला, तोही बऱ्याच भांडणानंतर. मैदानाच्या कामापासून सुरुवात करून या उंचीला गेलेला माणूस आपल्याकडे झाला हे प्रत्येक क्लबच्या भिंतीवर लिहिलेलं असायला हवं.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. 1948 ला जुने पारशी क्रिकेटपटू डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची लीग सुरू झाली, तीही भर पावसाळ्यात. बाहेरच्यांना हे पटतच नाही. उघडी विकेट, वर दोन बोटं गवत, आउटफिल्डमध्ये चिखल, बॉल एकदा छातीवर येतो आणि पुढचाच घोट्याखालून जातो, अशा विकेटवर वीस रन्स करणाऱ्याला मी सोप्या, पाटा विकेटवरच्या शंभरवाल्यापेक्षा जास्त मानतो. आणि कसोटी खेळलेले लोक तिथे येऊन कॉलेजच्या पोरांबरोबर खेळायचे, हे जास्त महत्त्वाचं. माटुंग्याचा दादर युनियन म्हणजे माधव मंत्री, वासू परांजपे, गावसकर, वेंगसरकर, आणि समोर शिवाजी पार्क जिमखाना, वाडेकर, संदीप पाटील, ही मॅच बघायला माणसं पावसात उभी राहायची. दादर युनियनच्या शिस्तीबद्दल जुने लोक अजून बोलतात. मंत्रींच्या भाच्याने, म्हणजे गावसकरने, लहानपणी मामाचा इंडियाचा स्वेटर मागितला तर मामाने दिला नाही, हा कमवावा लागतो म्हणाले. क्लबातसुद्धा हेच चालायचं. तेंडुलकर 1984 ला अकरा वर्षांचा असताना जॉन ब्राइट क्लबकडून कांगा लीग खेळला, म्हणजे शाळेतलं पोरगं मोठ्या माणसांसमोर त्याच चिखलात उभं.

आता आमच्याकडचं सांगतो. मॅचच्या दिवशी उजाडायच्या आत माळीकाका आलेले असतात. कव्हर बाजूला करून अंगठ्याने विकेट दाबून बघतात, स्पंजने पाणी टिपतात, बोलरच्या पायाखाली लाकडाचा भुसा टाकतात, आणि तोपर्यंत कॅप्टन फोनवर अकरावा गडी शोधत असतो. टॉस जिंकून काय करायचं हे आमचे सगळे कॅप्टन आधी काकांना विचारतात. चहा आला की पहिला ग्लास त्यांना आणि अंपायरना, मग स्कोरर, मग बाकी सगळे, नवीन आलेलं पोरगं असो की सिनियर. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण कोणी मोडलेला मी पाहिला नाही. दुसरा नियम, अंपायरने बोट वर केलं की मागे न बघता तंबूकडे चालायला लागायचं, बॅट आपटायची नाही. चांगल्या बॅट्समनलासुद्धा यावरून पुढच्या मॅचला बसवलेलं आहे, आणि ती मॅच आम्ही हरलो तरी त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

पैशाचं रडगाणं सगळ्याच क्लबांचं आहे. बॉल महाग, तंबूचं भाडं, पोरांना कोचिंग क्लास, आणि पालकांना वाटतं की दोन वर्षांत पोरगं आयपीएलला जाईल. त्यांना समजावणं हे हल्ली सिनियर लोकांचं मोठं काम झालंय, मला तरी ते नेटइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तर स्मरणिकेत पहिलं प्रकरण मी माळ्यांचं ठेवतोय. आजवर आमच्या विकेटवर ज्यांनी रोलर फिरवला त्या सगळ्यांची नावं जमवायचं काम सुरू आहे, काही जण गावी गेलेत, काहींची फक्त टोपणनावं लोकांना आठवतात. ट्रॉफ्यांची यादी शेवटी जाईल, जागा उरली तर फोटोसकट. कमिटीत यावर थोडी कुरकुर झाली पण आमच्या सगळ्यात जुन्या स्कोररनी पाठिंबा दिला आणि विषय तिथेच मिटला.